कागद खरा कशावरून? नाशिकरोडची प्रेस आणि आरएफआयडी

नाशिककरांसमोर नाशिकरोडच्या प्रेसबद्दल बोलणं हे थोडं धाडसाचंच काम आहे. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या घरातलं कुणी ना कुणी 'प्रेसमध्ये' असणार. इतर गावांत प्रेस म्हटलं की वर्तमानपत्र आठवतं. इथे नोटा आणि तिकिटं आठवतात. तेव्हा छपाई कशी होते हे मी तुम्हाला सांगायला आलेलो नाही. मला एका प्रश्नाचा इतिहास सांगायचा आहे. प्रश्न साधा आहे : समोर ठेवलेला कागद खरा कशावरून? या प्रश्नाचं उत्तर नाशिकरोडला शंभर वर्षं दिलं जातंय, आणि ते उत्तर आता बदलतंय. पूर्वी ते कागदात आणि शाईत होतं. आता ते एका चिपमध्ये आहे, म्हणजे आरएफआयडी या तंत्रात.

सुरुवात १९२५ पासून करू. तोवर हिंदुस्थानची टपाल तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीत छापून बोटीने इकडे येत. अगदी पहिली, १८५४ ची तिकिटं कलकत्त्याला छापलेली होती. पण काम लवकरच लंडनला गेलं आणि जवळजवळ सत्तर वर्षं तिकडेच राहिलं. १९२५ मध्ये नाशिकरोडला इंडिया सिक्युरिटी प्रेस उभी राहिली आणि १९२८ मध्ये करन्सी नोट प्रेस. नवी दिल्लीच्या उद्घाटनाची १९३१ ची सचित्र तिकिटं इथलीच. १९४८ मध्ये गांधीजींची तिकिटं काढली, ती मात्र स्वित्झर्लंडमध्ये छापून घ्यावी लागली, कारण फोटोग्रॅव्हूर छपाईची सोय आपल्याकडे नव्हती. ती नाशिकरोडला १९५२ मध्ये आली, आणि कबीर, मीरा, गालिब, टागोर यांच्या तिकिटांपासून तिचा वापर सुरू झाला.

या सगळ्या काळात खरेपणाची कसोटी एकच होती : जे बनवायला अवघड ते खरं. जलचिन्ह असलेला कागद, बाजारात न मिळणारी शाई, सहजासहजी विकत न मिळणारं यंत्र. ही कसोटी बराच काळ चालली. पण तिच्यात एक भोक होतं, आणि ते तेलगी प्रकरणाने सगळ्या देशाला दाखवलं. अब्दुल करीम तेलगीच्या बनावट मुद्रांकांचा तपास झाला, तेव्हा नाशिकच्या प्रेसमधून मोडीत निघालेली यंत्रसामग्री त्याच्यापर्यंत पोचल्याचं पुढे आलं. नीट विचार करा. विश्वास यंत्रात ठेवला, की यंत्र भंगारात गेलं तरी त्याच्याबरोबर विश्वासही बाहेर जातो. त्यानंतर ई-मुद्रांक आला. त्यात कागदाला फार महत्त्व नाही. कागदावर एक क्रमांक असतो आणि तो मध्यवर्ती नोंदीशी ताडून पाहायचा असतो.

आता तुम्ही म्हणाल, हे काही नवीन नाही. बरोबर आहे. गोदाघाटावर आणि त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडे नामावळीच्या वह्या आहेत. यात्रेकरू आला की गुरुजी विचारतात, गाव कोणतं, आडनाव काय? तेवढ्यावर वही निघते आणि पणजोबा कधी आले होते, बरोबर कोण होतं, हे सगळं सापडतं. यात्रेकरूजवळ काय होतं? फक्त दोन शब्द. बाकी सगळं वहीत. ही ओळख पटवण्याची पहिली रीत. तिला आपण 'वही' म्हणू. दुसरी रीत सनदेची. सनदेवर मजकूर असतो आणि खाली शिक्का. तिथे वही उघडायला जावं लागत नाही. शिक्का ओळखता आला की मजकूर खरा. या रीतीला 'शिक्का' म्हणू. आरएफआयडीचा सगळा पसारा या दोन शब्दांत बसतो, म्हणून हे दोन शब्द लक्षात ठेवा.

आरएफआयडी म्हणजे रेडिओलहरींनी ओळख पटवणं. एक वाचक यंत्र, त्याला आपण रीडर म्हणतो, आणि एक छोटी पट्टी म्हणजे टॅग. टॅगमध्ये चिप आणि तारेचा अँटेना. गंमत अशी, की बहुतेक टॅगना बॅटरी नसते. मग तो बोलतो कशाच्या जोरावर? रीडरने पाठवलेल्या ऊर्जेवरच.

या कल्पनेचा इतिहास युद्धातून येतो. दुसऱ्या महायुद्धात रडारवर ठिपका दिसायचा, पण विमान आपलं की शत्रूचं हे कळायचं नाही. म्हणून आपल्या विमानात एक यंत्र बसवलं. खालून लहर आली की ते ठरलेलं उत्तर देई. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित ऊर्जेने संदेश कसा पाठवता येईल यावर निबंध लिहिला. कल्पना तयार होती, पण चिप नव्हती, त्यामुळे ती बरीच वर्षं पडून राहिली. १९७३ मध्ये अमेरिकेत मारिओ कार्डुलो आणि चार्ल्स वॉल्टन यांना याच धर्तीची वेगवेगळी पेटंट मिळाली. वॉल्टन यांचं तर दाराच्या कुलपासाठी होतं. पुढे १९९९ मध्ये एमआयटीत ऑटो-आयडी सेंटर सुरू झालं. त्याच्या संस्थापकांत संजय सरमा हे भारतीय वंशाचे अभियंते होते. तिथला विचार असा होता : टॅगवर जास्त काही ठेवूच नका. फक्त क्रमांक ठेवा, बाकीची माहिती संगणकाच्या जाळ्यात ठेवा. चिप लहान होईल, स्वस्त होईल. म्हणजे काय झालं? गोदाघाटाचीच रीत, वहीची.

आपल्या गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच जातीचा. रस्त्यावरच्या टोलसाठी कोणतं तंत्र घ्यावं हे ठरवायला नंदन नीलेकणी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. तिने २०१० मध्ये बिनबॅटरीच्या टॅगची शिफारस केली, कारण तो स्वस्त आणि टिकाऊ. फास्टॅग २०१४ मध्ये आला, आणि १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरच्या सगळ्या टोल लेन फास्टॅगच्या झाल्या.

तुम्ही पुण्याला निघालात की शिंदे-पळश्याचा टोलनाका लागतो. लेनवर टांगलेला रीडर ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरी सोडत असतो, म्हणजे सेकंदाला साधारण ८६ कोटी ६० लाख आंदोलनं. काचेवरचा टॅग त्यातली थोडी ऊर्जा घेऊन जागा होतो. उत्तर द्यायला त्याच्याकडे स्वतःचा दिवा नाही. पण लहानपणी आपण आरशाने कवडसा पाडायचो ना, तसं तो करतो. आरसा थोडा वळवला की भिंतीवरचा कवडसा जातो, पुन्हा वळवला की येतो. टॅग आपल्या अँटेनाची जोडणी बदलून आलेली लहर कधी जास्त परतवतो, कधी कमी. रीडर तो फरक मोजतो आणि त्यातून क्रमांक वाचतो. काही मीटरवरून हे जमतं. टॅग काचेलाच का लावायचा? कारण लहर काचेतून जाते, पत्र्यातून जात नाही.

पण क्रमांक वाचला म्हणजे टोल भरला असं नाही. क्रमांक राष्ट्रीय पेमेंट महामंडळाच्या व्यवस्थेतून तुमच्या बँकेपर्यंत जातो, तिथे वही उघडते आणि खात्यातून पैसे वळते होतात. म्हणूनच कधीकधी असं होतं, की गाडी दारात उभी आणि टोल कापल्याचा मेसेज येतो. लेनमध्ये टॅग वाचला गेला नाही, कुणीतरी गाडीचा क्रमांक हाताने टाकला, एक आकडा चुकला, आणि भुर्दंड भलत्यालाच. यात लहरींचा काही दोष नाही. चूक वहीत आहे. वहीच्या रीतीत तंत्र कितीही चांगलं असलं तरी शेवटी विचारावं लागतं : वही कुणाच्या हातात आहे आणि चूक झाली तर ती दुरुस्त कोण करतो?

आता परत नाशिकरोडला येऊ. पासपोर्ट छापतो कोण? इंडिया सिक्युरिटी प्रेस. पासपोर्टमध्ये चिप घालायचा मान पहिल्यांदा मलेशियाने १९९८ मध्ये मिळवला. भारतात पहिला ई-पासपोर्ट २००८ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना दिला गेला. म्हणजे जळगावच्या बाईंना. तेव्हा तो फक्त राजनैतिक आणि सरकारी कामाच्या पासपोर्टांपुरता प्रयोग होता. सर्वसामान्यांसाठी एप्रिल २०२४ मध्ये काही ठिकाणी सुरुवात झाली, त्यात आपलं नागपूर होतं, आणि २०२५ मध्ये तो देशभर पोचला. नाशिकच्या प्रेसशी साडेचार कोटी चिपचा इरादा-करार झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं होतं. नवा पासपोर्ट मिळाला असेल तर मुखपृष्ठावर पाहा, खालच्या बाजूला एक छोटं सोनेरी चिन्ह आहे. तीच खूण.

हा टॅग फास्टॅगचा चुलतभाऊ, पण स्वभाव वेगळा. तो काही सेंटिमीटरवरूनच बोलतो. रीडरमधल्या तारेच्या वेटोळ्यातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आंदोलनं करणारा प्रवाह वाहतो. त्याने बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पासपोर्टमधल्या वेटोळ्यात त्या क्षेत्रामुळे वीज उत्पन्न होते. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय.

आणि दुसरा मोठा फरक. इथे रीत वहीची नाही, शिक्क्याची आहे. चिपमध्ये तुमचा तपशील आणि छायाचित्र असतं, आणि त्यावर सरकारची डिजिटल सही असते. ही सही म्हणजे चित्र नव्हे, गणित आहे. सही करणारी गुप्त चावी फक्त सरकारकडे. ती सही तपासणारी दुसरी, उघड चावी जगभरच्या विमानतळांना दिलेली. मजकुरातलं एक अक्षर बदललं तरी सही जुळत नाही. दुबईच्या किंवा लंडनच्या अधिकाऱ्याला दिल्लीची वही उघडावी लागत नाही, शिक्का तिथल्या तिथे तपासता येतो.

मग फसवणूक संपली का? नाही. २००६ मध्ये लुकास ग्रुनवाल्ड या जर्मन तज्ज्ञाने ई-पासपोर्टच्या चिपमधली माहिती दुसऱ्या चिपवर उतरवून दाखवली. बराच गाजावाजा झाला. पण त्याने काय केलं होतं आणि काय केलं नव्हतं हे पाहिलं पाहिजे. त्याने हुबेहूब नक्कल केली. नाव किंवा फोटो मात्र तो बदलू शकला नसता, कारण सही लगेच तुटली असती. दुसऱ्याच्या पासपोर्टची नक्कल घेऊन गेलात तर पडद्यावर दुसऱ्याचाच चेहरा दिसणार. चिप सांगते, हा मजकूर खरा आहे. हा माणूस तोच आहे का, हे चेहरा पाहूनच ठरवावं लागतं.

एक चिठ्ठी आली आहे : 'खिशातला पासपोर्ट कुणी चालता चालता वाचू शकेल का?' चांगला प्रश्न आहे. त्यासाठी चिपला कुलूप असतं. त्याची किल्ली आतल्या पानावरच्या दोन छापील ओळींत असते : पासपोर्टचा क्रमांक, जन्मतारीख आणि मुदत संपण्याची तारीख. अधिकारी आधी पान उघडून त्या ओळी यंत्राला दाखवतो, मगच चिप बोलते. म्हणजे तुम्ही पासपोर्ट उघडून हातात दिला, ही तुमची संमती. क्रमांकांचा अंदाज बांधता आला तर हे कुलूप कच्चं पडतं, म्हणून पुढे अधिक पक्की पद्धत आली. पण तत्त्व तेच राहिलं : आधी पान उघडा, मग वाचा. फास्टॅगला असं पान नाही. त्याच्या क्षेत्रात आलेल्या रीडरला तो क्रमांक सांगतो. टोलसाठी ते ठीक आहे. माणसासाठी ठीक आहे का?

हा प्रश्न नाशिकला लवकरच विचारावा लागेल, कारण सिंहस्थ येतो आहे. कुंभात माणसं हरवतात, विशेषतः म्हातारी माणसं आणि मुलं. उद्या कुणी म्हणालं, मनगटाला टॅग बांधा, तर कल्पना वाईट नाही. एखाद्या आईला तिचं मूल तासाभरात परत मिळणार असेल तर नाही कोण म्हणेल? पण बांधण्याआधी चार गोष्टी विचारा. टॅगवर नुसता क्रमांक आहे की नाव-पत्ता? वही कुणाकडे आहे? मेळा संपल्यावर ती पुसणार कधी? आणि नोंद चुकली तर दाद कुठे मागायची? नामावळीच्या वहीत निदान एक खात्री होती. गुरुजी समोर बसलेले असत, आणि आपलं पान आपल्याला पाहायला मिळे.

शेवटचा मुद्दा प्रेसच्या मंडळींसाठी. चिप आली म्हणून तुमच्या कामाचं मोल कमी झालेलं नाही. पुस्तिका, कागद, शाई, शिवण, सगळं अजून लागतंच. चिप एखाद्या वेळी बंद पडली तर पासपोर्ट त्या छपाईच्या जोरावरच तपासला जाणार. पण जपायची वस्तू मात्र बदलली आहे. तेलगीच्या काळात यंत्र जपायला हवं होतं, आणि ते जपलं गेलं नाही. आता जपायची ती सहीची गुप्त चावी. ती दिसत नाही, तिला वजन नाही, आणि ती चोरीला गेली तर कपाट रिकामंही दिसणार नाही. पुढचा तेलगी भंगाराच्या लिलावाला येणार नाही. तो त्या चावीच्या मागे लागेल, आणि ती ज्यांच्या हाती आहे त्या माणसांच्या मागे.