बकुळीच्या नावातली माणसं

आठवीच्या वनस्पतीसंग्रहात आमच्या गटाला पहिलं बक्षीस मिळालं होतं, काहींना आठवत असेल. पहिल्याच पानावर प्रयोगशाळेमागच्या बकुळीची डहाळी आणि खाली माझ्या ठसठशीत अक्षरात ‘मिम्युसॉप्स एलेंगी’. हे नाव इंग्रजांनी दिलं, असं मी ठामपणे सांगायचे. सपशेल चूक.

मिम्युसॉप्सचा ग्रीक अर्थ माकडासारखं दिसणारं. (तेव्हा कळलं असतं तर वर्गातल्या दोघांची टोपणनावं बदलली असती!) ‘एलेंगी’ मात्र इथलं. मल्याळममध्ये बकुळीला इलंजी म्हणतात. कोचीतला डच अधिकारी हेन्द्रिक फान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्यातलंच ‘एलेंगी’ लिनियसने १७५३ मध्ये कायम केलं.

पण फान ऱ्हेडेला झाडं ओळखून दिली कोणी? त्याने ते लपवलेलं नाही. पहिल्या खंडात इट्टी अच्युतन या ईळवा समाजातल्या वैद्यांचं निवेदन त्यांच्याच लिपीत छापलं आहे. घराण्यातल्या ताडपत्रांच्या आधारे त्यांनी झाडांची नावं आणि औषधी गुण सांगितले. त्याच खंडात रंगा भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचं १६७५ सालचं कोकणी प्रमाणपत्र आहे, चक्क देवनागरीत. गोवा सोडून कोचीत वसलेल्या कोकणी समाजातले हे तिघे. ती अक्षरं मी संगणकाच्या पडद्यावर मोठी करकरून वाचत बसले. निम्मीच लागली, पण त्या रात्री झोप लागली नाही.

कारण आमच्या संग्रहातली झाडं आम्हाला दाखवली होती शिपाईमामांनी. मधल्या सुट्टीत घंटा देऊन झाली की ते आम्हाला कुंपणापर्यंत फिरवायचे. मामा सावंतवाडीकडचे. बकुळीपाशी थांबून म्हणाले, “ही आमची ओवळ.” मी वहीत ‘ओवळ’ लिहिलं आणि घरी जाऊन खोडलं. गावठी वाटलं.

वही आईकडे माळ्यावर सापडली. पहिल्या पानावर गटातल्या पाचजणींची नावं आहेत, मामांचं नाही. मेळाव्याला ती घेऊन येणार आहे. अडचण एकच, मामांचं पूर्ण नाव आम्हा पाचजणींपैकी एकीलाही सांगता येत नाही. कुणाला, विशेषतः तेव्हाच्या सर-बाईंना, ठाऊक असेल तर कृपया तिथे मला गाठून सांगा. पेन मी आणते.