मेणवलीची घंटा

पुण्याहून कात्रज व खंबाटकी ओलांडून दक्षिणेस गेले की सुमारे नव्वद किलोमीटरवर कृष्णाकाठचे वाई लागते. सुटीच्या दिवसांत शिबिरार्थी तरुण या परिसरात तंबू ठोकतात, रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले ढोल्या गणपतीचे मंदिर पाहतात आणि घाटावर विसावून परततात. त्यांतील ख्रिस्ती तरुणांनी तरी आणखी तीन किलोमीटर चालून मेणवली गाठावी.

मेणवली हे नाना फडणवीसांचे गाव. त्यांचा सहा चौकांचा वाडा, चंद्रकोरीच्या आकाराचा घाट आणि मेणेश्वराचे देऊळ येथे आहे. घाटावरील एका लहानशा दगडी वास्तूत एक अवजड घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली पवित्र मरिया कोरलेली असून १७०७ हे साल आहे.

ही घंटा वसईच्या मोहिमेतून आली, असे परंपरा सांगते. १७३७ साली सुरू झालेली ही मोहीम मे १७३९ मध्ये संपली. सुरुंगांनी तट फोडल्यावर किल्ला शरण आला आणि चिमाजी अप्पांनी पोर्तुगीज शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले. चर्चमधील घंटा मात्र विजयचिन्हे ठरल्या. भीमाशंकरची घंटा आणि नाशिकची १७२१ सालची नारोशंकराची घंटा यांचा उगमही असाच पोर्तुगीज आहे.

हा इतिहास ऐकून आपल्या मनाला वेदना होणे स्वाभाविक आहे. ज्या गावाची घंटा गेली, त्या गावाची प्रार्थनेची वेळ सांगणारा आवाजच गेला. हे दुःख नाकारण्याचे कारण नाही. पण दुसरी बाजूही पाहावी. घंटेचा धातू तोफ ओतण्यास उपयोगी पडतो. युरोपात युद्धकाळी ख्रिस्ती सत्ताधाऱ्यांनीच कित्येक घंटा वितळवल्या. येथे मात्र ती वितळवली गेली नाही. मरियेची प्रतिमा पुसली गेली नाही. परक्या देवालयापाशी का होईना, घंटा घंटाच राहिली.

वसईनंतर अर्धशतकाने, १७९२ साली, पेशव्यांच्या सैन्यातील ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी सवाई माधवरावांनी पुण्यात जागा दिली. क्वार्टर गेटजवळचे आपले सिटी चर्च ते हेच. त्या वेळी राज्याचा कारभार पाहत होते नाना फडणवीस! ज्यांच्या घाटावर मरियेची घंटा आहे, त्यांच्याच कारभारात मरियेच्या नावाचे हे मंदिर पुण्यात उभे राहिले.

म्हणून मेणवलीस जाताना हक्काची भाषा किंवा जुने वैर बरोबर नेऊ नये. घंटा जिथे आहे तिथेच शोभते. मात्र ती कोठून आली हे आपल्या मुलांना ठाऊक असावे, आणि आपल्या चर्चची जागा कोणी दिली हेही. यांतील एकच गोष्ट सांगणारा अर्धाच इतिहास सांगतो.