अंगातले जस्त आणि कर्करोग

भिसेगावच्या श्रोत्यांना जस्त ही अनोळखी वस्तू नव्हे. खोपोलीकडच्या कारखान्यांत लोखंडी नळ्यांवर जस्ताचा मुलामा चढवण्याचे काम आमच्या कामगारांनी वर्षानुवर्षे केले. अशी नळी वेल्डिंग करताना निघणारा पांढरा धूर छातीत गेला, की संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो आणि दुसऱ्या दिवशी उतरतो. सुटीवरून परतलेल्याला तो हटकून येतो, म्हणून पाश्चात्त्य कामगारांनी त्याचे नावच ‘सोमवारचा ताप’ ठेवले. ‘जस्त अंगात गेले, आता कॅन्सर होणार’ ही भीती युनियनच्या कचेरीत मी पुष्कळदा ऐकली. अलीकडे नेमके उलटे कानावर येते : अंगात जस्त कमी पडले म्हणजे कॅन्सर होतो, तेव्हा गोळ्या घ्याव्या. ही दोन टोके कोठून आली, ते पुस्तके चाळून आणि डॉक्टरांच्या पायऱ्या झिजवून मला जेवढे उमगले, तेवढे सांगतो.

जस्तावाचून काळी बुरशीसुद्धा वाढत नाही, हे पाश्चरचा शिष्य रोलँ याने १८६९ साली दाखवून दिले. माणसाची पाळी फार उशिरा आली. बिहारमध्ये जन्मलेले डॉ. आनंद प्रसाद इराणात शिराझ येथे असताना त्यांच्यापुढे एक रोगी आला. वय २१, दिसायला दहा वर्षांचा पोर. खाणे म्हणाल तर जवळजवळ नुसती बिनआंबवलेली रोटी. धान्याच्या कोंड्यातील फायटेट जस्ताला धरून ठेवते, अंगी लागू देत नाही. प्रसादांनी १९६१ साली हा तर्क मांडला आणि १९६३ साली इजिप्तमधील रोग्यांवरून सिद्ध केला. आपल्या भाकरीतही फायटेट आहे. भिजवल्या-आंबवल्याने ते कमी होते. आंबिलीला गावंढळ म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आता कॅन्सर. १९२६ साली मिखालोव्स्की याने कोंबड्याच्या वृषणात जस्ताचा क्षार टोचून गाठ उत्पन्न केली. पण टोचणे वेगळे आणि पोटात जाणे वेगळे. कॅन्सरकारक पदार्थांच्या जागतिक यादीत जस्त नाही. जस्ताच्या खनिजासोबत येणारे कॅडमियम आहे, आणि मुलाम्यावर शेवटचा हात फिरवताना वापरतात ते षट्संयुजी क्रोमियमही आहे. कामगारांनी मालकाशी भांडायचे ते त्यांवरून.

कॅन्सरच्या अनेक रोग्यांच्या रक्तात जस्त कमी आढळते, हेही खरे. परंतु जस्त घटले म्हणून रोग झाला, की रोग झाला म्हणून जस्त घटले ? माणसाच्या अंगात सुमारे दोन ग्रॅम जस्त असते; रक्तरसात त्याचा जेमतेम हजारावा हिस्सा. अंगात दाह शिरला, की शरीर तेही उचलून यकृतात नेते. शिवाय रोग्याला अन्न जात नाही. फाटकावरची एक हातगाडी मोजून गोदामातला माल सांगण्याचाच हा प्रकार.

चीनमधील लिनशियान परगण्यात अन्ननलिकेचा कॅन्सर फार. तेथे सुमारे ३० हजार लोकांना पाच वर्षे निरनिराळी पोषकद्रव्ये दिली. १९९३ साली निकाल लागला, तेव्हा जस्त आणि ‘अ’ जीवनसत्त्व यांच्या जोडीने कॅन्सरचे मरण कमी झालेले दिसले नाही. मात्र त्याच परगण्यातील लोकांच्या अन्ननलिकेचे जपून ठेवलेले तुकडे तपासले, तेव्हा ज्यांच्या पेशींत जस्त अधिक त्यांना पुढे हा रोग कमी झाला, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. म्हणजे नाते आहे, पण ते गोळीने जुळत नाही. उलट अमेरिकेतील सुमारे ४७ हजार पुरुषांच्या २००३ सालच्या अहवालात, रोज १०० मिलिग्रॅमहून अधिक जस्त गोळ्यांतून घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा बळावलेला कॅन्सर दुपटीहून अधिक आढळला.

हे मला आधी ठाऊक असते तर बरे झाले असते. आमच्या एका सहकाऱ्याच्या गालात पांढरा चट्टा होता. तंबाखू सुटत नव्हती. कोणीतरी जस्ताच्या गोळ्या सुचवल्या. त्याने मला विचारले, “दादा, घेऊ का ?” आणि चार बुके वाचलेला मी म्हणालो, “घे, अपाय तर नाही ना !” पाच महिने गेले. मग कर्जत लोकलने त्याला परळला नेले. डॉक्टरांचा पहिला प्रश्न : तंबाखू किती वर्षे ?

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडलेल्या टाटा रुग्णालयात हा प्रश्न जुनाच आहे. तेथील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ साली मुंबईतील तोंडाच्या कॅन्सरच्या १००० रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी त्यांनी कमरेला धोतर काचते तेथे होणारा कॅन्सर आणि ओठाशी खैनी धरणाऱ्यांचा कॅन्सर जगापुढे मांडला. रोगी काय खातो, काय नेसतो, गालात काय धरतो, हे पाहण्याची ती रीत. १९५२ साली परळला सुरू झालेल्या कॅन्सर संशोधन केंद्राचा वारसा चालवणारी संस्था आज आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे.

सहकाऱ्याचा अर्धा जबडा काढावा लागला. तो बोलतो, पण अडखळत. हे व्याख्यान मी प्रथम त्यालाच वाचून दाखवले. जस्ताचे एवढे सांगितलेत, तंबाखूचे थोडे वाढवा, एवढीच त्याची सूचना होती.