रक्तस्राव, हृदय आणि औषधे : नाडी 'नॉर्मल' असली तरी धोका असू शकतो

भरपूर रक्त गेलं की नाडी जलद होते, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण रुग्ण रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या काही गोळ्या घेत असेल, तर लिटरभर रक्त जाऊनही नाडी ८०च्या आसपास राहू शकते आणि घरचे निर्धास्त राहतात.

७० किलो वजनाच्या माणसात साधारण ५ लिटर रक्त असतं. रक्तदानात त्यातलं ३५० किंवा ४५० मिली घेतात. निरोगी शरीर ते सहज सोसतं. ७५० मिलीच्या पुढे गेलं की हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं आणि प्रत्येक ठोक्याला बाहेर जाणारंही घटतं. ती तूट भरायला हृदय ठोके वाढवतं. त्वचेच्या आणि आतड्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार पडतात, घाम फुटतो. वरचा रक्तदाब मात्र जवळपास ३० टक्के रक्त जाईपर्यंत टिकू शकतो. म्हणजे पहिला इशारा नाडीचा.

रोजच्या गोळ्या काय करतात?

मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल, म्हणजे नावाच्या शेवटी 'लॉल' असलेल्या गोळ्या, नेमका हाच इशारा दाबतात. अ‍ॅड्रेनालिनचा हुकूम हृदयापर्यंत नीट पोहोचत नाही. त्या फक्त हृदयरोग्यांनाच दिलेल्या नसतात. मायग्रेन, थायरॉइड, हाताची थरथर यांसाठीही चालू असतात. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिलही ठोके वाढू देत नाहीत. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, अ‍ॅम्लोडिपिन यांमुळे रक्तवाहिन्यांना आकसणं जड जातं. म्हणून अशा रुग्णात नाडीपेक्षा गार घामट त्वचा, कमी झालेली लघवी, बेचैनी किंवा गुंगी यांवर जास्त विश्वास ठेवा. (या गोळ्या मनाने बंद करू नका. 'लॉल' गोळी अचानक थांबवली तर छातीत दुखणं बळावू शकतं.)

उलव्यात रक्तस्राव म्हटलं की जेएनपीटीचे कंटेनर ट्रेलर आणि त्यांच्या शेजारून जाणाऱ्या दुचाकी डोळ्यांसमोर येतात. घरातला रक्तस्राव मात्र गाजावाजा करत नाही. अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू असलेल्या आजोबांनी गुडघ्यासाठी दुकानातून वेदनाशामक आणलं, पोटात अल्सर झाला आणि शौच डांबरासारखी काळी, चिकट होऊ लागली, तर ते रक्तच समजा. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. पण सोबत चक्कर किंवा धाप असेल तर तपासणी लांबवू नका.

रुग्णालयात

"प्रेशर वाढवायचं इंजेक्शन द्या ना," असं नातेवाईक हमखास म्हणतात. नॉरअ‍ॅड्रेनालिन रक्तवाहिन्या आवळून आकडा वर नेतं. पण टाकीत पाणीच नसताना पंप जोरात चालवून काय होणार? गेलेलं रक्त परत येत नाही, आणि मूत्रपिंडाचा व आतड्याचा उरलासुरला पुरवठाही घटू शकतो. ते अगदीच गरजेपुरतं, रक्त पोहोचेपर्यंत टेकू म्हणून वापरतात. सलाइनही बेताने, कारण जास्त झालं तर रक्त पातळ होऊन गोठणं बिघडतं. मुख्य उपचार म्हणजे स्राव थांबवणं आणि रक्त चढवणं. खूप पिशव्या चढवल्या तर त्यांतलं सायट्रेट शरीरातलं कॅल्शियम बांधून ठेवतं आणि हृदयाचं आकुंचन दुबळं होतं, म्हणून सोबत कॅल्शियमही द्यावं लागतं.

ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिड थेट हृदयावर काम करत नाही, रक्ताची गुठळी टिकवून धरतं. पाळीच्या जास्त रक्तस्रावासाठी अनेकींनी ते घेतलेलं असतं. ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमी रुग्णांवरच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-२ अभ्यासात त्याने मृत्यू कमी झाले. मात्र अपघातानंतर ३ तासांच्या आत दिलं तरच फायदा दिसला, उशिरा दिल्यास नुकसानच. पोटातल्या रक्तस्रावात त्याचा तसा फायदा आढळलेला नाही.

अपघातात जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा, १०८ला फोन करा आणि रुग्णाला खायला-प्यायला देऊ नका. निघताना गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घाला, किंवा त्यांचा फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. "बीपीची पांढरी गोळी" एवढ्यावरून कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला काहीच कळत नाही.