पेटाऱ्यात मावणारा राक्षस

२०१० साली अमेरिकेत ‘शार्कटोपस’ नावाचा सिनेमा आला. अर्धा शार्क, अर्धा ऑक्टोपस. निर्माता रॉजर कॉर्मन, म्हणजे चार पैशांत राक्षस उभा करणारा उस्ताद. असल्या सिनेमांचे भक्त जगभर आहेत. पण आंबोलीचा घाट उतरून कोकणात सावंतवाडीकडे आलात, तर तिथल्या माणसाला असल्या राक्षसाचं काही नवल वाटणार नाही. त्याच्या जत्रेत असला जीव पिढ्यान्‌पिढ्या नाचतो आहे.

त्याचं नाव संकासुर. पुराणातला शंखासुर समुद्राचा पुत्र. त्यानं वेद पळवून पाण्यात दडवले आणि विष्णूनं मासा होऊन त्याला मारलं. इतका अचाट प्रसंग कोकणातली दशावतारी नाटकमंडळी उभा करतात तो एका बाकड्याच्या आणि पेटी-मृदंग-झांजेच्या जोरावर. मुख्य आख्यानाआधी आडदशावतार असतो. त्यात गणपती, रिद्धीसिद्धी, सरस्वती येऊन गेल्या की हा येतो. काळा पेहराव, तोंडावर काळा बुरखा, संपलं. शंख नाही, समुद्र तर नाहीच. वर तोंड उघडलं की अस्सल मालवणी! भटजीची टर, गावातल्या भानगडींवर शेरे. विष्णूच्या हातून त्याला मरायचं असतं, पण मांडवातल्या कुणालाच त्याची घाई नसते.

दशावताराचा हा खेळ आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांनी १७२८ साली कर्नाटकातून आणला, असं सांगतात. मला हे पटत नाही. समर्थ रामदास त्याच्या कितीतरी आधी, सतराव्या शतकातच गेले आणि बायकांची सोंगं घेणाऱ्या दशावतारी पुरुषांचा उल्लेख त्यांच्या दासबोधात आहे. काळ्यांनी खेळाला नवं वळण दिलं असेल, पण जन्म दिला नाही.

१८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं, तेव्हा राक्षसही रंगभूमीवर आले. राळेचा भडका आणि आरोळ्या ठोकत येणारी राक्षसपार्टी पाहायला लोक गर्दी करत. शिकलेल्यांनी त्या नाटकांना ‘अलल-डुर्र’ म्हणून नाकं मुरडली, आणि १८८० मध्ये किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ आल्यावर शहरातला राक्षस मागे पडला. कोकणातला टिकला.

टिकला तो गरिबीमुळे, असं माझं मत. नटमंडळी पेटारा डोक्यावर घेऊन एका जत्रेहून दुसरीकडे पायी जात. पेटाऱ्यात मावेल तेवढाच राक्षस! उरलेला प्रेक्षकांनी मनात रंगवायचा आणि नटानं जिभेच्या बळावर पुरा करायचा. १९५४ च्या जपानी सिनेमातल्या ‘गोजिरा’चंही, म्हणजे गॉडझिलाचंही, असंच झालं. त्यातल्या करामती करणारे एइजी त्सुबुराया यांना ‘किंग काँग’सारखी, बाहुलं चित्रागणिक थोडंथोडं हलवून केलेली करामत हवी होती. तेवढा वेळ आणि पैसा नव्हता, म्हणून रबरी वेशात माणूस घातला. जगानं त्या माणसावरच जीव टाकला.

आता सिंधुदुर्गात ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ अशा जाहिराती लागतात. धूर, रंगीत दिवे, बनावट मुंडकी. माझी तक्रार ट्रिकसीनबद्दल नाही, भाव्यांची राळ तरी दुसरं काय होती? तक्रार आहे ती आडदशावतार आटोपता घेण्याबद्दल. त्यात पहिला बळी संकासुराचा जातो.

तेव्हा आंबोलीला पावसात जातच असाल, तर एकदा कार्तिकानंतर घाट उतरून एखाद्या जत्रेला या. मुख्य आख्यानातल्या राजाच्या प्रवेशाला नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी या, आणि संकासुर दाखवा म्हणून मंडळींकडे हट्ट धरा.