ब्रीदरची नळी : तेल ठिबकतं म्हणून तिचं तोंड कुठेही खुपसू नका



आजची नोंद पिकाची नाही, भाजी वाहणाऱ्या ट्रकची आहे. पण ज्याच्या दारात टर्बोचा जुना ट्रक, ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टर उभा आहे, त्याने शेवटपर्यंत वाचावी.

गेल्या हंगामात आमचा जुना ट्रक मुंबईत वाकोला पुलाजवळ आपोआप रेस घ्यायला लागला. स्टॉपची केबल ओढली, डिझेल बंद झालं, तरी इंजिन थांबेना. मागे निळा धूर. ड्रायव्हर जुना माणूस. त्याने टॉप गिअर टाकला, ब्रेक पूर्ण दाबून क्लच सोडला, तेव्हा कुठे ते गुदमरून बंद पडलं. कारण नंतर सापडलं. खाली तेल ठिबकतं म्हणून महिन्याभरापूर्वी एका गॅरेजात ब्रीदरची नळी उचलून एअर क्लीनरच्या होजमध्ये जोडली होती. इंजिन आपल्याच चेंबरमधल्या ऑइलवर पळत होतं.

मग ही नळी मुळात आहे कशाला, आणि कंपनीने ती उघडी का सोडली?

पिस्टनच्या रिंगा कितीही चांगल्या असल्या तरी थोडा जळका वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. आपले मिस्त्री त्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. त्यात काजळी, पाण्याची वाफ आणि ऑइलचे बारीक थेंब असतात. तो बाहेर पडला नाही तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल सीलमधून बाहेर येतं. म्हणून सुरुवातीच्या गाड्यांना एक साधी नळी असायची, खाली रस्त्याकडे तोंड केलेली. गाडी पळाली की खालून जाणारा वारा त्यातला वायू ओढून न्यायचा.

ही नळी बंद करायची पहिली गरज धुरामुळे नाही, पाण्यामुळे पडली. दुसऱ्या महायुद्धात खोल पाण्यातून जाणाऱ्या लष्करी गाड्यांना उघडी नळी चालेना, तेव्हा वायू परत इंजिनातच ओढून घेणारी बंद रचना वापरली गेली. पुढे कॅलिफोर्नियात शहरावरच्या धुरक्याचा शोध घेताना लक्षात आलं की गाडीची घाण फक्त सायलेन्सरमधून येत नाही, या नळीतूनही येते. 1961 पासून तिथल्या नव्या पेट्रोल गाड्यांना बंद रचना आली.

डिझेल टर्बोला मात्र सूट मिळाली, आणि तिला कारण होतं. तेलकट वायू टर्बोच्या पंख्यातून गेला की त्यावर थर बसतो, इंटरकूलर आतून तेलाने माखतो. अमेरिकेत रस्त्यावरच्या टर्बो डिझेलची ही सूट 2007 पर्यंत चालू होती.

आपल्याकडे 1954 पासून टेल्कोने डेमलर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवले. ती इंजिनं बरीच वर्षं बिनटर्बोचीच होती. पुण्यात 1962 मध्ये किर्लोस्कर कमिन्स सुरू झाली. 1993 मध्ये टाटा आणि कमिन्स एकत्र आले आणि टर्बोचं इंजिन साध्या मालवाहू ट्रकमध्ये रुळलं. नळी मात्र तीच, खाली लोंबणारी. पीयूसीवाला सायलेन्सरचा धूर मोजतो, या नळीकडे बघतही नाही. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं, तेव्हापासून नव्या इंजिनात हा वायूही हिशेबात धरतात. जुन्या गाड्या आहेत तशाच आहेत.

उघड्या नळीचा दुसरा तोटाही याच वाकोल्याच्या अंगाने समजतो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझ वेधशाळेत 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला. वाकोला नाला मिठी नदीला मिळतो. नदीच तुंबल्यावर नाल्याचं पाणी जाणार कुठे? अशा पाण्यात गरम इंजिन बंद पडलं की आतली हवा थंड होऊन आकसते, आणि नळीचं तोंड पाण्यात असेल तर पाणी वर ओढलं जाऊ शकतं. ऑइलपट्टीवर दुधासारखा फेस दिसला तर समजायचं पाणी आत गेलंय. तेव्हा स्टार्टर मारायचा नाही. आधी ऑइल काढायचं, एअर क्लीनर बघायचा. ओढ्याकाठी राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आता कामाच्या गोष्टी.

1. नळी मूळ मापापेक्षा बारीक करू नका. वाटेत खोलगट वाक नको, तिथे पाणी-तेल साचून वाट बंद होते.

2. तोंड सायलेन्सर, पंखा, पट्टा आणि चाकाच्या चिखलापासून लांब ठेवा.

3. टर्बोच्या पुढे, म्हणजे दाबाच्या बाजूला, कधीही जोडू नका. उलट दाब चेंबरमध्ये शिरतो.

4. टर्बोच्या मागे, एअर क्लीनरच्या होजमध्ये, नुसती नळी जोडू नका. भुसा-धुळीने क्लीनर तुंबला की ओढ वाढते आणि नळीतून ऑइल येतं. मध्ये ऑइल वेगळं करणारं भांडं आणि ओढ आवरणारा व्हॉल्व्ह, दोन्ही हवेत.

5. ठिबकणं सोसत नसेल तर नळीखाली बाटली लावा, पण बाटलीला हवेचं भोक मोठं ठेवा. साचलेलं तेल बांधावर ओतू नका.

6. ब्रीदरला जाळी असेल तर दर ऑइल बदलाला डिझेलने धुवा.

एक शेवटचं. टर्बोतलं ऑइल कुठल्याही पंपाशिवाय, केवळ उताराने चेंबरमध्ये परत येतं. ब्रीदर तुंबून चेंबरमध्ये दाब झाला की ते परत येत नाही, टर्बोच्या दोन्ही तोंडांनी गळतं. मिस्त्री म्हणतो, टर्बो गेला. नवा टर्बो टाकला तरी महिन्यात तीच गळती. म्हणून पैसे मोजायच्या आधी इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा. थोडी वाफ येणं चालतं. झाकण उडायला लागलं तर आधी नळी साफ आहे का बघा. साफ असूनही उडत असेल तर रिंगांचं काम निघालंय.

आमचा टर्बो वाचला. नळी परत खाली सोडली, फक्त तोंड वीतभर वर बांधलं. ठिबकतं थोडं, ठिबकू द्या.