वडगावचे विणकर: माग, घर आणि कर्ज

बेळगावच्या दक्षिण अंगाला वडगाव, शहापूर आणि खासबाग ही विणकरांची जुनी वस्ती आहे. तिथे राहते घर हाच कारखाना. हातमागाच्या काळात घरातल्या जमिनीतच खड्डा खणलेला असे. विणकर काठावर बसून पाय आत सोडी आणि पावड्या दाबी. पुढे विद्युतमाग आले, तेही बहुतेकांनी घरातच बसवले. भांडीकुंडी एका दिवसात भाड्याच्या खोलीत नेता येतात. जमिनीत रोवलेला माग तसा नेता येत नाही. त्यामुळे घर गेले की हातचा धंदाही जाई.

कर्ज दोन वाटांनी चढे. व्यापारी सुताबरोबर उचल देई आणि साडी उतरल्यावर मजुरीतून ती कापून घेई. मालाला उठाव नसला की उचल फिटायची राही. मग लग्नकार्य किंवा आजारपण आले की सावकाराचे दार. आधी दागिने, मग तांब्या-पितळेची भांडी आणि शेवटी घराचा कागद गहाण पडे.

कायद्याने शेतकऱ्याला आधी हात दिला. १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर आलेला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा सुरुवातीला पुणे, सातारा, अहमदनगर आणि सोलापूर या जिल्ह्यांपुरता होता. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील कलम ६० तर विणकराच्या दृष्टीने चमत्कारिकच म्हणावे लागेल. कारागिराची हत्यारे जप्तीतून वगळली होती. राहते घर मात्र फक्त शेतकऱ्याचे. म्हणजे माग सुरक्षित, पण तो ज्या जमिनीत रोवला ती लिलावाला मोकळी. १९७६ च्या दुरुस्तीने मजूर आणि घरगडी यांची घरेही वगळली गेली. घर गहाण टाकलेले असेल तर या सवलतीचा उपयोग नसे. १९०८ मध्ये शहापूर मात्र सांगली संस्थानात, म्हणजे ब्रिटिश कायद्याच्या हद्दीबाहेर होते. १९४८ च्या विलीनीकरणानंतर कायद्याची ही सरहद्द पुसली गेली.

१९०४ च्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना वाट मिळाली आणि १९०५ मध्ये गदगजवळच्या कणगिनहाळला पहिली सोसायटी उभी राहिली. सोसायटीचे कर्ज सावकारापेक्षा स्वस्त खरे, पण जामीनदार लागे. ज्याचे घर जायची वेळ आली आहे, त्याला जामीन राहायला कोण पुढे येणार? अशा वेळी भिशीचा किंवा भाऊबंदांचाच आधार उरे.

कर्नाटकाचा १९७६ चा ऋणमुक्ती कायदा लहान शेतकरी, भूमिहीन मजूर आणि दुर्बल घटकांसाठी होता. नंतरच्या ऋणमुक्ती कायद्याला जुलै २०१९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. वर्षाला १ लाख २० हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्या दुर्बल घटकांचे खासगी सावकारी कर्ज त्याने माफ केले. बँका आणि सहकारी संस्था त्यातून वगळल्या होत्या. त्याच महिन्यात विणकरांच्या कर्जमाफीचीही घोषणा झाली.

लगेच ऑगस्टमध्ये महापूर आला. पूर्ण पडलेल्या घराला राज्य सरकारने ५ लाख रुपये, तातडीच्या खर्चाला १० हजार आणि नवे घर होईपर्यंत दरमहा ५ हजार भाडे जाहीर केले. थेट घरभाड्यासाठी रोख मदत, हा प्रकार या भागात विरळाच. घराची भरपाई अर्थात घरमालकाची. भाडेकरू विणकराचे नुकसान तिच्यात बसत नाही. २०२० च्या टाळेबंदीत नेकार (विणकर) सन्मान योजनेतून हातमाग विणकरांना वर्षाला २ हजार रुपये मिळू लागले. तेवढ्यात घराचे काय भागणार?

जानेवारी २०२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यात कर्ज थकल्यामुळे एका घराला सील लागले आणि बाळंतिणीसह कुटुंब रस्त्यावर आले. सूक्ष्मकर्जांच्या वसुलीतील छळाविरुद्ध फेब्रुवारीत राज्याचा वटहुकूम निघाला. दहा वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड त्यात होता. रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या संस्था मात्र त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. तारण घराबाबत बँकांना २००२ चा सरफेसी कायदा पूर्वीप्रमाणेच लागू आहे: साठ दिवसांची नोटीस, आणि त्यानंतर कोर्टात दावा न लावताही ताबा.